निवडीच्या टेबलावर आलेले नऊ स्क्रीनशॉट : बडोद्यातील एका भरतीचे प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला लागणारे पितळी आणि तांब्याचे भाग तयार करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. मालक मराठी, तीन पिढ्यांपासून बडोदेकर. तेथे गुणवत्ता तपासनिसाची एक जागा भरायची होती आणि निवड समितीवर बाहेरची सदस्य म्हणून मला बोलावले होते. माझी सगळी नोकरी कार्मिक विभागात गेली असल्यामुळे निवृत्तीनंतर अशी बोलावणी अधूनमधून येतात. या भरतीत एका उमेदवारावर अन्याय झाला आणि त्यात माझ्या हाताने बदललेल्या तीन गुणांचा वाटा होता, म्हणून हे प्रकरण मीच लिहून ठेवणे योग्य वाटते. कारखान्याचे आणि माणसांचे नाव देत नाही, आणि कोणाची ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. घटनेचा क्रम आणि गुणांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

समिती तिघांची होती. उत्पादन विभागाचे प्रमुख, कार्मिक अधिकारी असलेल्या एक गुजराती बाई, ज्यांना कारखान्यात सगळे नुसते ‘बेन’ म्हणतात, आणि मी. परीक्षा 100 गुणांची होती: लेखी 30, प्रत्यक्ष मोजमाप 40 आणि मुलाखत 30, म्हणजे प्रत्येक सदस्याच्या हातात 10 गुण. पाच जणांमधून शेवटी दोघे उरले. एक मुलगी, विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलची पदविका घेतलेली, तीन वर्षांचा अनुभव असलेली. दुसरा मुलगा, तेवढ्याच अनुभवाचा, रावपुऱ्यातल्या ज्या घरातून आला ते घर उत्पादन प्रमुखांना लहानपणापासून ठाऊक असलेले.

प्रत्यक्ष परीक्षेतली एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. टेबलावर बारा भाग, एक ड्रॉइंग, एक व्हर्निअर आणि दोन मायक्रोमीटर ठेवले होते. मोजमापाच्या प्रत्येक साधनावर एक छोटी पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर साधनाचा क्रमांक, कॅलिब्रेशन (म्हणजे साधन अचूक मोजते की नाही याची तपासणी) झाल्याची तारीख आणि पुढची देय तारीख लिहिलेली असते. दोनपैकी एका मायक्रोमीटरची देय तारीख बेननी मुद्दाम उलटून गेलेली ठेवली होती. मुलाने तोच उचलला आणि कामाला लागला. त्याची मोजणी वाईट नव्हती. मुलीने तो उचलला, जबडे मिटवून झीरो पाहिला, दाब मर्यादित ठेवणाऱ्या मुठीचे, म्हणजे रॅचेटचे, तीन टक् ऐकले, मग साधन उलटे करून चिठ्ठी वाचली आणि बाजूला ठेवले. म्हणाली, “याची तारीख गेलीय. दुसरा घेतला तर चालेल ना?” झीरो बरोबर येत होता, तरीही तिने तो वापरला नाही. गुणवत्ता तपासनिसाकडून यापेक्षा वेगळे काय हवे असते? गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ 9001 प्रमाणपत्र घेतलेल्या कोणत्याही कारखान्यात हा नियम कागदावर असतो; तो हातात उतरलेला माणूस मिळणे अवघड असते.

त्या संध्याकाळी आमचे गुण असे होते. मुलगी: लेखी 24, प्रत्यक्ष 34, मुलाखत 8, 8 आणि 7 मिळून 23, एकूण 81. मुलगा: लेखी 25, प्रत्यक्ष 28, मुलाखत 22, एकूण 75. अंतिम बैठक तीन दिवसांनी व्हायची होती आणि तोवर गुणपत्रके पेन्सिलीतच राहणार होती, ही तेथली जुनी पद्धत.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर समितीच्या ग्रुपमध्ये नऊ स्क्रीनशॉट येऊन पडले. मालकांच्या मुलाने, ज्यांना सगळे धाकटे शेठ म्हणतात, कार्मिक विभागातल्या एका नव्या मुलाला सांगितले होते की एकदा सोशल मीडियावर बघून घे. त्यामागे वाईट हेतू होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. नवा माणूस घ्यायचा म्हटल्यावर पूर्वी आपण दांडिया बाजारात ओळखीच्या चौघांना विचारत होतो, त्याच सवयीने आता फोन उघडला जातो. 2018 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या भरती संकेतस्थळाने केलेल्या पाहणीत 70 टक्के नियोक्त्यांनी आपण उमेदवारांची समाजमाध्यमे पाहतो असे सांगितले होते. आपल्याकडे वेगळे चित्र असेल असे मानायला काही कारण दिसत नाही.

त्या नऊ चित्रांत काय होते ते एकेक करून पाहणे आवश्यक आहे, कारण नंतरच्या चर्चेत सगळे ‘तिचे प्रोफाइल’ या एकाच शब्दात गुंडाळले गेले आणि गोंधळ तेथूनच सुरू झाला.

पहिली तीन चित्रे नवरात्रातली. चणिया-चोळी, मैत्रिणी, मागे मैदानाचे दिवे, खाली रात्री दीड वाजल्याची नोंद. बडोद्यात नवरात्राचे नऊ दिवस अर्धे शहर त्या वेळी मैदानावरच असते. समितीतल्या तिघांच्याही घरांतल्या मुली तेथे होत्या. चौथे चित्र पावागडच्या पायऱ्यांवर एका तरुणासोबतचे. पाचवे सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवरचे, 23 सप्टेंबरचे. सहावे एका इस्पितळाबाहेरचे: हातात फाइल आणि खाली एवढीच ओळ, “पुन्हा तेच रिपोर्ट.” सातवे आणि आठवे फेसबुकवरचे मजकूर, आधीच्या मालकाला आणि एकूणच ‘शेठ लोकांना’ चोर, रक्तपिपासू वगैरे म्हणणारे, वाचणेही नको वाटेल अशा शब्दांत. नववे चित्र लिंक्डइनचे, मोजमापशास्त्राचा एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. कामाशी थेट संबंध असलेले हे एकच चित्र होते आणि त्याच्याबद्दल बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही.

बैठकीत बोलणे झाले ते सातव्या आणि आठव्या चित्राबद्दल. उत्पादन प्रमुख म्हणाले, “ताई, ही मुलगी उद्या आपल्याबद्दलही असेच लिहील.” मला ते पटले. त्यांनी आपले 8 गुण खोडून 4 केले. मी 8 चे 5 केले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘स्थिरता कमी वाटते.’ बेननी 7 गुण तसेच ठेवले. त्या म्हणाल्या, मी जे मुलाखतीत पाहिले त्याचे गुण दिले आहेत. मुलीची बेरीज 74 झाली, मुलगा 75 वर होता. जागा मुलाला गेली.

नंतर मी ही बेरीज कितीतरी वेळा पुन्हा मांडली. उत्पादन प्रमुखांनी चार गुण कमी केले आणि मी काहीच केले नसते, तर ती 77 वर राहिली असती. मी तीन कमी केले आणि त्यांनी हात लावला नसता, तर 78. दोघांनी मिळून खोडल्यामुळेच ती एका गुणाने गेली. दोघांपैकी प्रत्येकाला आपण थोडेसेच इकडेतिकडे केले असे वाटत होते.

पंधरा दिवसांनी तिचे पत्र आले. तक्रार नव्हती. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षेत आपण कोठे कमी पडलो ते कळवल्यास पुढच्या तयारीला उपयोग होईल, एवढीच विनंती होती. बेननी उत्तर देण्यासाठी फाइल काढली, तेव्हा त्यांना खाडाखोड दिसली. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षेत ती एकंदरीत पुढे होती, मग तिला काय कळवायचे? मुलाखतीत कमी पडलात असे लिहायचे, तर मुलाखत झाली त्या दिवशी ती कमी पडलेली नव्हती. बेननी कार्मिक विभागातल्या त्या मुलाला समोर बसवून एकच प्रश्न विचारला: सातवे आणि आठवे चित्र तिचेच आहे कशावरून?

त्याने नाव टाकून शोधले होते. नाव आणि आडनाव जुळले, शहर वडोदरा असे होते, छायाचित्राच्या जागी जास्वंदीचे फूल होते. अर्जावर मधले नाव, म्हणजे वडिलांचे नाव होते. फेसबुकवर ते नव्हते. मराठी आणि गुजराती दोन्ही समाजांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा एकच क्रम चालतो, आणि मधले नाव काढून टाकले की एका आडनावाच्या एका नावाच्या मुली या शहरात किती निघतील ते बडोदेकराला सांगायला नको. बेननी तेच पान पुन्हा उघडायला लावले. खाली नोकरीच्या जागी मंगळ बाजारातल्या एका कापडाच्या दुकानाचा उल्लेख होता. आमची उमेदवार पॉलिटेक्निकमधून सरळ कारखान्यात गेलेली. तिचे अनुभवाचे दाखले फाइलमध्येच होते. ही पडताळणी करायला पाच मिनिटे लागली. ज्या दोन चित्रांवर निर्णय फिरला, ती दोन्ही दुसऱ्याच कोणा मुलीची होती.

बेनचा फोन आला तेव्हा मला प्रथम आठवली ती तारीख उलटलेल्या मायक्रोमीटरवरची पांढरी चिठ्ठी. जिला आम्ही नाकारले, ती मुलगी कोणते साधन कोणाचे, कधी तपासलेले, हे पाहिल्याशिवाय एक आकडाही लिहीत नव्हती. आम्ही तिघांनी ते वाचन कोणाचे आहे एवढेही विचारले नव्हते.

चूक केवळ ओळख पटवण्यातली होती असे म्हणून हे प्रकरण मिटवता आले असते, आणि धाकट्या शेठांचे मत तसेच होते: पुढच्या वेळी नीट खात्री करून बघू. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण सातवे आणि आठवे चित्र काढून टाकले तरी उरलेली सात माझ्या मनात होतीच. ‘स्थिरता कमी वाटते’ हे शब्द मी लिहिले तेव्हा ते कोठून आले? शेठ लोकांना शिव्या देणाऱ्या माणसाला आपण ‘उद्धट’ म्हणू, ‘अस्थिर’ म्हणणार नाही. अस्थिर हा शब्द इस्पितळाच्या फाइलमधून आला असावा, किंवा रात्रीच्या दीड वाजल्यातून, किंवा पावागडच्या पायऱ्यांवर शेजारी बसलेल्या त्या तरुणातून: लग्न होईल, सोडून जाईल. गरब्याच्या फोटोंचा आपल्यावर परिणाम होणार नाही असे मी स्वतःला ठामपणे सांगत होते. पण पाहिलेले चित्र मनातून वेगळे काढून ठेवता येत नाही आणि निर्णयात त्याचा भाग किती होता हे पाहणाऱ्यालाही नंतर सांगता येत नाही. इतकी वर्षे मुलाखती घेऊन मला हे ओळखता आले नाही, म्हणून ही अडचण अनुभवाने सुटते असे मी आता म्हणणार नाही.

पाचव्या चित्राबद्दल तर बैठकीत कोणीच बोलले नाही, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच मौन. कारखान्याच्या अर्जात जातीचा रकाना नाही. तिचे आडनाव मराठी समाजात अनेक जातींत आढळणारे. संकल्पभूमीवरच्या त्या एका छायाचित्राने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिघांपुढे ठेवले. बडोद्याच्या माणसाला ती जागा कोणती हे समजावून सांगावे लागत नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून बाबासाहेब आंबेडकर 1917 साली संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत खरी ओळख लपवून राहावे लागले, आणि ओळख उघड होताच त्यांना तेथून हुसकावण्यात आले. त्यानंतर याच बागेत बसून त्यांनी केलेल्या संकल्पावरून त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. त्याच शहरात, त्या घटनेची आठवण म्हणून काढलेला फोटो एका मुलीच्या निवडीच्या फाइलमध्ये जाऊन बसतो, हे आम्हा तिघांपैकी एकालाही त्या दिवशी खटकले नाही. त्या फोटोमुळे कोणी गुण कमी केले असे मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही आणि कधी कळणारही नाही; माझ्या स्वतःच्या मनाबद्दलही नाही.

ही भीती काल्पनिक नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याच्या संधीचे गुणोत्तर 0.67 आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराला 0.33 इतके निघाले. तेथे केवळ नाव होते. समाजमाध्यमांवर नावाच्या जोडीला सण, देवघर, जेवणाचे ताट, वस्ती, नातेवाईक असे सगळेच असते. अमेरिकेत अलेसांद्रो अक्विस्ती आणि क्रिस्टिना फाँग यांनी तर नेमका हाच प्रश्न घेतला: अर्जात धर्माचा उल्लेख नाही, पण नाव शोधल्यास सापडणाऱ्या प्रोफाइलवर तो आहे. देशभराचा एकत्रित फरक फारसा नव्हता, परंतु जेथे राजकीय कल पुराणमतवादी होता त्या भागांत मुस्लिम उमेदवाराला बोलावणी स्पष्टपणे कमी आली.

त्या बदल्यात हाती काय लागते? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅड व्हॅन इडेकिंग आणि सहकाऱ्यांनी नोकरीच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्यांची फेसबुक पाने भरती करणाऱ्यांकडून तपासून घेतली आणि ते विद्यार्थी नोकरीला लागल्यावर त्यांच्या वरिष्ठांनी दिलेल्या गुणांशी ताडून पाहिली. पान पाहून दिलेल्या गुणांचा आणि पुढच्या कामगिरीचा उपयोगी म्हणता येईल असा संबंधच निघाला नाही. उलट ते गुण स्त्रियांच्या आणि गोऱ्या उमेदवारांच्या बाजूने झुकलेले आढळले. आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर या साधनाचे कॅलिब्रेशन झाले आणि ते नापास निघाले. बारा भाग मोजायला लावणारी बेनची परीक्षा घ्यायला दीड तास लागतो, पण ती परीक्षा कामाचीच असते.

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे, जी दोन महिन्यांनी उघडकीस आली. निवडलेल्या मुलाच्या लिंक्डइन पानावर त्याच्या आधीच्या कारखान्यातला एक जुना फोटो होता: तो मशीनशेजारी उभा, आणि मागच्या फळ्यावर लावलेल्या ड्रॉइंगचा मजकूर, ग्राहकाच्या नावासकट, मोठा करून वाचता येईल असा. आमच्या एका ग्राहकाच्या माणसाने तो पाहिला आणि सहज विचारले, तुमच्याकडे ड्रॉइंगची काळजी घेतली जाते ना? मुलाला सांगताच त्याने त्याच दिवशी फोटो काढून टाकला; त्यात लपवाछपवी काही नव्हती, हौस होती. तो मुलगा कामाला चांगला आहे आणि या प्रकरणात त्याची काही चूक नाही. पण ग्राहकाच्या ड्रॉइंगची गोपनीयता ही तपासनिसाच्या कामाशी थेट जोडलेली बाब आहे, आणि सोशल मीडिया पाहून निवडीला उपयोगी पडेल असे काही सापडणार होते तर ते हेच. ते सापडले नाही, कारण त्याचे प्रोफाइल कोणी पाहिलेच नव्हते. घर माहितीतले, मुलगा माहितीतला, मग पाहायचे कशाला? मुलीचे नऊ स्क्रीनशॉट आणि मुलाचा एकही नाही, ही गोष्ट बैठकीत माझ्या लक्षात आली नव्हती. एकाला मोजायचे आणि दुसऱ्याला न मोजताच ओके शिक्का मारायचा, असे कोणत्याही तपासणी विभागात चालणार नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर धाकट्या शेठांचे पहिले म्हणणे असे होते की सगळे पब्लिक आहे, बघितले तर बिघडले काय. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्यांच्या म्हणण्याला काही आधार आहे: व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि त्यांतल्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. परंतु सहावे चित्र, इस्पितळाबाहेरचे, सार्वजनिक नव्हतेच. ते तिच्या निवडक मैत्रिणींपुरते होते. त्यांच्यातल्या एकीने ते घरात भावाला दाखवले, भाऊ आमच्याच पॅकिंग विभागात, आणि कार्मिक विभागातल्या मुलाने “हिला कोणी ओळखते का” असे विचारल्यावर त्याने ते पाठवून दिले. दारावरची पाटी वाचणे आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून आत डोकावणे यांत जो फरक आहे तोच येथे आहे. शिवाय त्याच कायद्याचे कलम 8 असे सांगते की ज्या माहितीच्या आधारे व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय घेतला जाण्याचा संभव असेल, ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री माहिती वापरणाऱ्याने करायची आहे. जास्वंदीच्या फुलावरून ओळख ठरवणे या कसोटीला कोठेच उतरत नाही.

स्त्रीला भरतीत डावलण्यास 1976 च्या समान मोबदला कायद्याने मनाई केली होती आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही तशी मनाई आहे. पावागडचा फोटो पाहून ‘लग्न होईल, सोडून जाईल’ असे मनात आणणे आणि त्यावरून गुण कमी करणे हे त्या मनाईच्या किती जवळ जाते, ते मला कार्मिक विभागात आयुष्य घालवूनही फोन बघताना सुचले नाही. राज्यघटनेचे कलम 16 जातीवरून भेदभावाला मनाई करते, पण सरकारी नोकरीपुरते. खासगी कारखान्यात उमेदवाराला नाकारण्याचे कारण कागदावर आलेच नाही तर ते सिद्ध कोण आणि कसे करणार? केंटकी विद्यापीठात 2007 मध्ये वेधशाळेच्या संचालकपदासाठी मार्टिन गॅस्केल या खगोलशास्त्रज्ञाचा अर्ज होता. निवड समितीतल्यांना इंटरनेटवर त्यांच्या धार्मिक विचारांबद्दल वाचायला मिळाले, त्यावर आपापसांत ईमेलवर चर्चा झाली, आणि ती ईमेल उपलब्ध होती म्हणूनच ते न्यायालयात जाऊ शकले. 2011 मध्ये विद्यापीठाने 1,25,000 डॉलर देऊन तडजोड केली. आमच्या फाइलमध्ये ‘स्थिरता कमी वाटते’ एवढेच होते. बेननी पेन्सिलीची खाडाखोड वाचली नसती तर त्या मुलीला कधीच काही कळले नसते.

पुढे काय करायचे यावर कारखान्यात दोन बैठका झाल्या आणि एकमत पूर्ण झालेले नाही. माझे म्हणणे साधे आहे. उमेदवाराबद्दल जे सापडले ते तिच्यासमोर ठेवून, “हे तुमचे आहे का, याबद्दल तुमचे काय म्हणणे आहे?” असे विचारण्याची आपली तयारी नसेल, तर ते पाहू नये, आणि पाहण्यात आले तर निर्णय घेण्यातून आपण बाजूला व्हावे. या कसोटीवर गरबा, पावागड, संकल्पभूमी आणि इस्पितळ ही चित्रे आपोआप गळतात, कारण त्यांच्याबद्दल मुलाखतीत प्रश्न विचारायला कोणीही धजावणार नाही. ड्रॉइंगचा फोटो मात्र टिकतो. त्याबद्दल सरळ विचारता येते आणि उमेदवार सरळ उत्तर देऊ शकतो. सातवे आणि आठवे चित्रही या प्रश्नाने एका क्षणात निकालात निघाले असते. “नाही हो, ही मी नाही,” एवढे सांगायला तिला दोन सेकंद पुरले असते, आणि ते दोन सेकंद आम्ही तिला दिले नाहीत.

मालकांनी मान्य केले ते असे: गुण शाईने लिहून पाकीट बंद होईपर्यंत कोणाचेही प्रोफाइल उघडायचे नाही. त्यानंतर पाहायचेच असेल तर समितीबाहेरच्या एका व्यक्तीने, शेवटच्या फेरीतल्या सर्वांचे, आधी लिहून ठेवलेल्या प्रश्नांपुरते पाहायचे, आणि समितीला चित्र न पाठवता उत्तर तेवढे कळवायचे. मैत्रिणींच्या, नातेवाइकांच्या किंवा कामगारांच्या फोनवरून बंद खाते पाहणे पूर्ण बंद. धाकटे शेठ अजूनही म्हणतात की रोखपाल आणि चालक यांच्या बाबतीत कारखान्याला अधिक माहिती घेण्याचा अधिकार असला पाहिजे. त्यांची काळजी खोटी नाही. पण रोखपालासाठी आधीच्या नोकरीतला दाखला आणि चालकासाठी परवान्याची पडताळणी या दोन्ही गोष्टी उपलब्ध आहेत, आणि त्या नीट करण्याचा कंटाळा म्हणून फोन उघडला जातो, असे माझे मत मी बैठकीत मांडले. विषय तेथेच थांबला आहे.

मुलीला आम्ही पत्र पाठवून भेटायला बोलावले. मालकांनी तिला पुढची जागा देऊ केली. ती तोवर वाघोडियाच्या एका कारखान्यात इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीला, लागली होती आणि तेथे समाधानी होती. बेननी तिला खरे गुण दाखवले, खाडाखोडही दाखवली. नऊ स्क्रीनशॉटची छापील प्रत तिच्यासमोर ठेवली, कारण तिच्याबद्दल काय गोळा केले गेले हे पाहण्याचा पहिला हक्क तिचा होता. ती शांतपणे एकेक पान उलटत गेली. सहाव्या पानाशी थांबली.

“मॅडम, हे आईचे रिपोर्ट आहेत,” ती मला म्हणाली. “हा फोटो मी फक्त बारा जणींना दाखवला होता. तेरावे कोण होते?”

मी सांगितले की नाव सांगणार नाही, कारण त्यापायी तिच्या आणि एका मैत्रिणीच्या घरात जे होईल ते आमच्या चुकीत आणखी भर घालणारे असेल. आणि हे उत्तर अपुरे आहे हे मला कळते, असेही सांगितले. तिने नावाचा आग्रह धरला नाही. तिने विचारले, हे किती फोनमध्ये आहे?

आम्ही मोजले. तीन सदस्य, धाकटे शेठ आणि तो कार्मिक विभागातला मुलगा. पॅकिंगमधल्या भावाचा सहावा. आठवड्याभरात पाच फोनमधून चित्रे आणि त्यांच्या बॅकअपच्या प्रती बेननी समोर बसून काढून घेतल्या. सहावा फोन मधल्या काळात विकला गेला होता आणि त्याच्या जुन्या खात्याचा पासवर्ड त्या भावाला आठवत नव्हता. समितीच्या वतीने तिला जे पत्र गेले ते मी मराठीत लिहिले. पाच फोनमधून आपली छायाचित्रे काढली आहेत, सहाव्याबद्दल आम्ही खात्री देऊ शकत नाही, सातवे आणि आठवे चित्र आपले नव्हते हे फाइलवर नोंदवले आहे, आणि आपले खरे गुण 81 होते. खाली तिघांच्या सह्या आहेत. त्या पत्राची एक प्रत खाडाखोड झालेल्या गुणपत्रकाला टाचून फाइलमध्ये ठेवली आहे.